खिंडीच्या अलीकडे

माझी आई साठी ओलांडल्यावर डोंगर चढायला लागली, आणि तेही ऑस्ट्रियात. त्याआधी ती चढली होती ती फार तर कारखान्याच्या गेटसमोरच्या स्टुलावर, बायकांच्या सभेत बोलायला. भोपाळला टेकड्यांची कमी नाही, पण तिला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे टेकडीवरच्या देवळात जायचा प्रश्न नव्हता, आणि रविवारी बैठका असायच्या.

बाबा नागपूरहून इथल्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून आले. आई लग्नानंतर त्याच कारखान्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागली. दोघंही युनियनचे. मी पत्रकांवर वाढले असं म्हटलं की लोकांना ती बोलण्याची पद्धत वाटते. पण माझ्या पुस्तकांना कव्हरं पत्रकांची असायची, डब्यातल्या पोळीखाली पत्रक असायचं, आणि संध्याकाळी सगळे मिळून जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. बाबा आधी मराठीत लिहायचे, मग स्वतःच त्याचं हिंदी करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून सांगायची, "अहो, हे वाक्य गेटवर कुणाला कळणार नाही. तोडा त्याला मधून." सगळं भोपाळ 'पर्चा' म्हणतं, बाबा आजही 'पत्रक'च म्हणतात. अंकलिपीत श शहामृगाचा होता, आमच्याकडे श शोषणाचा होता.

आज मीही तेच करते. दिवसा एका कोचिंगमध्ये शिकवते आणि उरलेल्या वेळात गोविंदपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांमधल्या कंत्राटी कामगारांसाठी लिहिते. ज्यांचं हेल्मेट मालक दाखवायला ठेवतो आणि वापरायला देत नाही, त्यांच्यासाठी. माझा या कामावर विश्वास आहे. तो विश्वास किती खरा आहे हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आईमुळे तो प्रश्न आला, पण ते शेवटी.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती नोकरीसाठी ऑस्ट्रियात गेली, तिथेच डोंगरांच्या खोऱ्यातल्या एका गावात तिचं घर झालं. तिच्या बाळंतपणाला आई गेली ती डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि लोकरीची दोन टोपरी घेऊन. तीन महिने राहता येतं तेवढी राहिली. खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि समोरच्या रस्त्यावरून म्हातारे-म्हाताऱ्या प्रत्येकी दोन-दोन काठ्या घेऊन जाताना बघायची. फोनवर तिने बाबांना विचारलं, "एवढे पेन्शनर काठ्या घेऊन निघतात दर गुरुवारी. कसला मोर्चा असेल हो?"

मोर्चा नव्हता. गावातला म्हाताऱ्यांचा डोंगर चढणारा गट होता. पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा गेली तेव्हा नातीला पाळणाघरात सोडून त्यांच्याबरोबर निघाली. सलवार-कमीज, डोक्याला ओढणी, पायात कारखान्यात जाताना घालायची ती कॅनव्हासची बुटं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं की ही बाई अर्ध्या वाटेवर बसेल. ती बसली नाही. आयुष्यभर गेटपासून कलेक्टर कचेरीपर्यंत आणि परत अशी उन्हात चाललेली बाई होती ती. ताईने मग तिला धड बूट घेऊन दिले. आई त्या बुटांना खोबरेल तेल चोळायची, आणि गटातल्या बायका वास घेऊन नाकं मुरडायच्या.

त्यानंतर दर उन्हाळ्याला तीन महिने ती तिथे आणि बाबा आणि मी भोपाळच्या कडेला, मिसरोदच्या घरी. भोपाळची दुपार झाली की तिचा फोन. गारा पडल्या म्हणून गुराख्याच्या झोपडीत सगळे दाटीवाटीने बसले आणि तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटली, चटणी खाऊन एका आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी आणखी मागितली. एका गाईने तिची ओढणी चावली. एका ओढ्यावर नुसती तार होती, धरून पलीकडे जायचं, खाली बघायचं नाही. "पडले असते तर?" मी विचारायची. "तर ओले झाले असते," ती म्हणायची. डोंगराचा आकार ती आम्हाला ओळखीच्या गोष्टींनी सांगायची. हा ट्रान्सफॉर्मरसारखा, तो उशीसारखा, परवाचा अगदी आपल्या जुन्या साहेबाच्या नाकासारखा.

बाबा स्पीकरवरून चिडवायचे. "झालं का भांडवलदारांचे डोंगर चढून?"

"मी चौकशी केलीय. डोंगर सार्वजनिक क्षेत्रातले आहेत."

"आणि त्या काठ्या?"

"काठ्या खासगी. तुम्ही या की इकडे. गुडघ्यांना बरं वाटेल."

"गुडघे भोपाळचे आहेत, भोपाळलाच राहतील."

गटाचा प्रमुख एक निवृत्त पोस्टमन होता, सत्तरीचा, काटक. त्यांच्याकडची पद्धत आईने आम्हाला समजावून सांगितली होती. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, पोस्टमनच्या पाठीमागे. म्हणजे त्याच्या चालीने सगळे चालतात आणि कुणी मागे पडत नाही. मागे असतात ते तगडे. तगड्यांची काळजी कोण करतं? आईला ही पद्धत पटली होती, पण तिची स्वतःची जागा ठरलेली होती. आमच्या मोर्चात पुढे बॅनर असायचा, मध्ये गर्दी असायची, आणि अगदी शेवटी आई. कडेवर पोर घेतलेली, चप्पल तुटलेली, चक्कर येऊन फुटपाथवर बसलेली, जी कुणी मागे राहील तिच्याजवळ थांबायचं हे तिचं काम. बसलेलीला एकटं सोडायचं नाही, जागा सोडायची नाही, पुढचे परत येतात. आणि पुढचे खरंच परत यायचे, कारण मोहल्ल्याप्रमाणे हजेरी झाल्याशिवाय आमचा ट्रक हलायचा नाही. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं, आणि ऑस्ट्रियातही तिने कुणाला न विचारता तेच सुरू केलं. शेवटी चालायचं. तिथे तिने ते सांगितलं नाही, कारण सांगण्याइतकी भाषा नव्हती, आणि सांगायचं असतं हे तिच्या ध्यानातही आलं नसेल.

गेल्या सप्टेंबरात ती परत यायला आठवडा राहिला होता. सकाळी मी मोटर लावून टाकीकडे कान देऊन उभी होते तेव्हा ताईचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा अंधार असणार हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"आई काल घरी आली नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"डोंगरावरून. बाकीचे आले. ती नाही."

"काल. आणि आज सांगतेस?"

"काल सांगून काय करणार होते? बाबांना रात्रभर बसवून ठेवू?"

"मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू सकाळपर्यंत पंतप्रधानांना निवेदन लिहिलं असतंस." आणि ती रडायला लागली. टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहायला लागलं, शेजारची भाभी खालून हाका मारत होती, आणि मला मोटरचं बटण सापडेना.

झालं होतं ते असं. गट एका उंच खिंडीकडे निघाला. खिंडीच्या आधी दगडगोट्यांचा मोठा उतार आडवा पार करावा लागतो. तिथे धुकं आलं. सगळे खिंडीत पोचले, पोस्टमनने माणसं मोजली, पलीकडे उतरायला सुरुवात झाली. उतरताना दोन वाटा आहेत. तगडे उभ्या वाटेने गेले, बाकीचे वळणाच्या लांब वाटेने. खाली बसच्या थांब्यावर दोन्ही गट भेटले तेव्हा या गटाला वाटत होतं आई त्या गटात आहे, आणि त्या गटाला वाटत होतं ती या गटात आहे. तिचा फोन लागत नव्हता. बचाव पथक लगेच निघालं, कुत्री घेऊन. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडवता येत नव्हतं. दोन्ही उतरत्या वाटा आणि त्यांच्या मधलं जंगल ते धुंडाळत होते.

मी बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "खायला नेलं होतं का तिने?"

"माहीत नाही, बाबा."

"विचार ताईला."

बस एवढंच. मग ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला. मला त्यांच्याकडे बघवेना. मी स्कूटर काढली आणि अरेरा कॉलोनीत एका व्हिसा एजंटाच्या ऑफिसात गेले, ते उघडायच्या आधी. शटर वर होईपर्यंत पायऱ्यांवर बसले.

"मॅडम, दिल्ली जाना पड़ेगा," एजंट म्हणाला. चांगला माणूस होता, त्याने मला चहा दिला. "अपॉइंटमेंट मिलते-मिलते टाइम लग जाता है."

"मेरी माँ पहाड़ पर है. अभी. इस वक्त."

"इमर्जेंसी का भी प्रोसीजर होता है. हॉस्पिटल का लेटर हो तो मंगवा लीजिए."

"हॉस्पिटल में होती तो मैं यहाँ क्यों बैठती?"

त्याने मान खाली घातली. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, तरी मी ओरडले. सीमा कुणासाठी आहेत आणि कुणासाठी नाहीत, माल जातो आणि माणूस अडतो, असं बरंच काही मी बोलले. सगळं खरं होतं. मी ते दहा वेळा लिहिलेलं आहे. पण त्या ऑफिसात, पंख्याखाली, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं पोस्टर लावलेलं असताना माझाच आवाज मला पोकळ वाटला, कारण सगळ्या सीमा त्या क्षणी उघडल्या असत्या तरी मी तिच्यापर्यंत वेळेत पोचले नसते.

परत आले तेव्हा शेजारची भाभी बसली होती. तिने पोहे आणले होते, ते झाकून ठेवलेले. "भाईसाहब कुछ खा नहीं रहे," ती हळूच म्हणाली. "अपन तो दुआ ही कर सकते हैं." बाबांनी गाल पुसला होता, पण अर्धी दाढी तशीच होती. त्यांच्या मांडीवर माझा जुना फोन होता आणि त्यावर ताईने पाठवलेला नकाशा. ते तो बोटाने पुढे-मागे सरकवत होते.

"खिंडीच्या पलीकडे शोधतायत," ते म्हणाले.

"हो. ती पलीकडेच हरवली ना."

"असं कोण म्हणतो?"

"पोस्टमन. त्याने तिला खिंडीत पाहिलं."

"लाव ताईला फोन."

मी लावला. बाबा असे कधी बोलत नाहीत ताईशी. ती त्यांची लाडकी. पण त्या दिवशी ते गेटवरच्या आवाजात बोलले. "त्याने तिचा चेहरा पाहिला का?"

"बाबा, धुकं होतं. सगळ्यांनी टोप्या ओढलेल्या. त्याने माणसं मोजली, बरोबर भरली."

"खिंडीत दुसरं कुणी नव्हतं?"

"होते. दुसरे दोघं-तिघं होते म्हणे, वेगळे आलेले."

"मग त्यांच्यातला एक त्यात धरला गेला. त्याने डोकी मोजली. माणसं नाही मोजली."

"बाबा, तो चाळीस वर्षं त्या डोंगरात फिरतोय."

"फिरू दे. तो पुढे होता. तुझी आई कुठे असते चालताना?"

"शेवटी," ताई म्हणाली.

"पुढाऱ्याला विचारू नको," बाबा म्हणाले. "पुढारी सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि त्याला मागचं काही माहीत नसतं. मीच पुढारी होतो, मला सांगू नको. रांगेत तिच्या लगेच पुढे कोण होतं? त्या माणसाला शोध. त्याला एकट्याला विचार. पोस्टमनसमोर नको."

ती एक बाई होती. कमी ऐकू येणारी, भिडस्त, गटात कुणी तिच्याशी फार बोलत नसे. आई बोलायची, कारण दोघींनाही बोलायची गरज नव्हती. तिने ताईला सांगितलं की दगडांच्या उतारावर, खिंडीच्या बरंच अलीकडे, आई थांबली होती. आईने स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग खाली दरीकडे, आणि हाताने सांगितलं की तू चल. त्या बाईने बसथांब्यावर हे सांगायचा प्रयत्न केला होता. पोस्टमन म्हणाला, "हो, पण नंतर मी तिला खिंडीत पाहिलं." मग ती गप्प बसली.

मला त्या पोस्टमनचा गळा धरावासा वाटला. मी टेबलाशी बसून लिहायलाही घेतलं, कुणाला उद्देशून ते ठरवल्याशिवाय. दोन ओळी झाल्या आणि पुढे शब्द येईना. बाबांनी कागदाकडे पाहिलं. "नंतर लिही, पोरी," ते म्हणाले.

बचाव पथकाचा प्रमुख आधी ऐकेना. माणसं थोडी होती, अंधार पडायला आला होता, वर बर्फ सुरू झालं होतं, आणि भोपाळमध्ये खुर्चीवर बसलेला एक म्हातारा नकाशा बघून सांगतोय म्हणून शोधाची दिशा कोण बदलणार? ताईने त्याला काय सांगितलं हे तिने मला पुढे सांगितलं. ती म्हणाली होती, माझी आई कुणाच्याही पुढे जात नाही, तिला ते येतच नाही. शेवटी त्याने सकाळी उजाडताच दोन माणसं खिंडीच्या अलीकडे पाठवायचं कबूल केलं.

सकाळी. म्हणजे आणखी एक रात्र, बर्फात. त्या रात्रीबद्दल मला काही लिहायचं नाही. बाबांनी उरलेली अर्धी दाढी केली, एवढं आठवतं. म्हणाले, ती येईल तेव्हा असं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"सापडली," ताई म्हणाली.

पुढचा प्रश्न बाबांनी विचारला. "आहे?"

"आहे, बाबा. जिवंत आहे. पाय खराब झालेत. हेलिकॉप्टरने नेतायत." मग म्हणाली, "तिच्याजवळ एक माणूस होता. तो नाहीये."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भाभीने झाकून ठेवलेले, दगड झालेले पोहे उभ्यानेच खायला लागले. घास तोंडात आणि गालांवरून पाणी. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कारखान्याला कुलूप लागलं होतं त्या लॉकआउटच्या वेळीसुद्धा नाही.

दगडांच्या उतारावर आईला खालून कुणाची तरी हाक ऐकू आली होती. तिच्यापेक्षा वयाने मोठा एक माणूस, एकटाच चाललेला, घसरून खाली घळीत पडला होता. पाय मोडलेला. आई बसून, घसरत त्याच्यापर्यंत उतरली, आणि मग तिला वर चढता येईना. दगड हाताखाली सरकत होते. तिच्या फोनला रेंज नव्हती, त्याचा फुटलेला. तिने त्याला आपलं जाड जॅकेट घातलं, दशमी दिली. धुक्यात ओरडून काही उपयोग होत नव्हता, आवाज लवकर बसत होता. मग तिने घोषणा द्यायला सुरुवात केली, कारण घोषणा पोटातून देता येतात, घसा धरत नाही. "इन्किलाब" म्हणायचं आणि थांबायचं. त्या म्हाताऱ्याला दोन-तीन वेळा ऐकल्यावर समजलं की इथे आपण काहीतरी म्हणायचं असतं. तो "जिंदाबाद" म्हणायला लागला, त्याच्या तोंडात बसेल तसं. पहिल्या रात्री बराच वेळ दोघांचं असं चाललं होतं. मग तो हळू म्हणायला लागला, मग नुसता हुंकार. पहाटेपासून आई एकटीच ओरडत होती.

हे सगळं तिने हॉस्पिटलमधून तुकड्या-तुकड्याने सांगितलं. पोस्टमन तिला बघायला आला आणि दाराशीच उभा राहून रडला. आईनेच त्याला खुणेने खुर्ची दाखवली. मला त्याच्याविरुद्ध लिहायचं होतं ते तिथेच संपलं, आणि त्याचाही मला राग आला. मग त्या मेलेल्या माणसाची बायको आली. तिने ताईकरवी विचारलं, तो एकटा होता का? आई म्हणाली, नाही. ती बाई मग रोज यायची. दोघी तासन् तास बसायच्या, एकमेकींचं एक अक्षर न कळता.

आई थंडीत भोपाळला आली, विमानतळावरून चाकाच्या खुर्चीत. उजव्या पायाची बोटं गेली आहेत. डावा पाय शाबूत दिसतो, पण घोट्याखाली त्यात जाणीव नाही. ती येईल परत, डॉक्टर म्हणाले. अजून आलेली नाही.

ती आल्यावर बरेच दिवस मी काही विचारलं नाही. तिला उचलणं, ड्रेसिंग, भेटायला येणारी माणसं. जुन्या कारखान्यातल्या बायका यायच्या, तिचे हात हातात घेऊन म्हणायच्या, "दीदी, तुमने तो वहाँ भी नहीं छोड़ा." जमिनीवर बसून चहा प्यायच्या आणि जाताना माझ्याकडे असं बघायच्या की मला अभिमान वाटत असणार. मला अभिमान वाटत नव्हता. ताईकडून मला एक गोष्ट कळली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं थोडा वेळ उठलं होतं. वर चढणं शक्य नव्हतं, पण घळीतून ओढ्याच्या कडेने खाली वाट होती आणि तिथून गुराख्याच्या झोपडीचं छप्पर दिसत होतं. आईला ते दिसलं होतं. तेव्हा तिचे पाय चालत होते. ती गेली असती तर बोटं राहिली असती. कदाचित डोंगरही राहिले असते.

एकदा दुपारी बाबा दवाखान्यातून तिची औषधं आणायला गेले होते तेव्हा मी विचारलं.

"धुकं उठलं तेव्हा तू का नाही निघालीस?"

"त्याला सोडून?"

"आई, तो गेला होता."

"मी काय डॉक्टर आहे?"

"तुला माहीत होतं."

ती खिडकीतून होशंगाबाद रोडकडे बघत राहिली. मंडीदीपच्या बाजूने कंपन्यांच्या बसेस येत होत्या, शिफ्ट सुटली होती. "होतं," ती म्हणाली.

"मग?"

"दोनदा उठले. एकदा तर थोडी खाली पण गेले. मग परत आले."

"कशाला? मेलेल्या माणसाला काय फरक पडत होता? मला सांग, काय फरक पडत होता?" माझा आवाज चढला होता. "आम्ही इथे काय होतो? बाबा? मी? तुझ्या पायांची किंमत नाही का काही?"

"आहे ना."

"मग कशाला परत गेलीस?"

"घरी आले असते तर तुम्ही विचारलं असतं," ती म्हणाली. "त्याला सोडून कशी आलीस म्हणून."

"मी नसतं विचारलं."

आई हसली. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. "तू? तू तर सगळ्यात आधी विचारलं असतंस. बाबांनी एक वेळ नसतं विचारलं."

मी म्हणाले की नाही. पुन्हा म्हणाले की नाही. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला तो माणूस एकटा बर्फात पडलेला चालला असता. त्याची बायको, तिचा प्रश्न, सगळं चाललं असतं. मी लिहिते ते सगळं एका बाजूला आणि माझ्या आईची पाच बोटं एका बाजूला ठेवली तर मी बोटं उचलली असती. हे मी तिला सांगितलंसुद्धा, जवळजवळ असंच. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. तिला वाटलं असावं की मी तिला बरं वाटावं म्हणून बोलते आहे. मी लिहिलेलं सगळं तिने खरं धरलं होतं. मला जन्मभर कुणी खोटं ठरवलं नव्हतं इतकं तिने त्या हसण्याने ठरवलं, आणि ते काढून टाकायला माझ्याकडे काही नाही. मी तेव्हापासून लिहिलेलं नाही. गोविंदपुऱ्यातली पोरं विचारतात, दीदी, पर्चा? मी म्हणते, देते.

आता रोज संध्याकाळी तिचे पाय कोमट पाण्यात ठेवायचे असतात. बादली मी आणते. पहिल्या आठवड्यात मी पाणी जरा जास्त गरम केलं तर तिचा डावा पाय लाल होऊन फोड आला आणि तिला पत्ताच लागला नाही. ती बाबांशी बोलत होती, नातीचा फोटो दाखवत होती. तेव्हापासून ती पाय टाकायच्या आधी थांबते आणि माझ्याकडे बघते.

"बघ गं," ती म्हणते.

मी कोपरापर्यंत हात घालते. पाणी हलवते. थोडं गार घालते, परत हात घालते.

"आता?"

"थांब," मी म्हणते. मला नक्की सांगता येत नाही. माझा हात भाजत नाही म्हणून तिचा पाय भाजणार नाही असं थोडंच आहे. ती पाय उचलून धरून बसलेली असते आणि मी आणखी एक तांब्या गार पाणी आणायला उठते.